कलरोधक दांडा, मोटारगाडीचा

वळणावर मोटारगाडीचा सांगाडा बाहेरच्या बाजूस कलतो. हा कल मर्यादित ठेवण्यासाठी एकाच आसावरील डाव्या व उजव्या चाकांच्या निलंबन यंत्रणा परस्परांना जोडणारा जो पोलादी दांडा बसवितात, त्यास कलरोधक दांडा म्हणतात. व्यवहारात त्याला स्टॅबिलायझर बार, अँटी-रोल बार किंवा स्वे बार अशी नावे असून गॅरेजमध्ये नुसते ‘स्टॅबिलायझर’ म्हटले तरी तोच भाग समजला जातो. मूळचा दांडा काढून त्या जागी बाजारातून आणलेला अधिक जाड दांडा बसविण्याची प्रथा १९६० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत वाढली व पुढे अन्यत्रही पसरली. असा बदल केल्यावर गाडीखालून करकर किंवा खटखट असा आवाज येऊ लागणे हा नेहमीचा अनुभव आहे. त्याचे कारण शोधताना दांड्याचे कार्य आणि त्याचा इतिहास या दोहोंची माहिती उपयोगी पडते.

रचना व कार्य : दांड्याचा आकार सामान्यतः इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो. त्याचा मधला सरळ भाग गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवा असून तो दोन रबरी बुशांमध्ये धरलेला असतो व हे बुश पट्ट्यांच्या साहाय्याने साट्याला घट्ट बसविलेले असतात. दोन्ही टोकांकडील वाकविलेले भाग तरफेसारखे कार्य करतात. ती टोके आखूड जोडदांड्यांनी, म्हणजेच लिंकांनी, चाकांच्या खालच्या भुजांना किंवा धक्काशोषकांच्या नळ्यांना जोडतात. रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या उंचवट्यावरून जाताना दोन्ही चाके सारखीच वर उचलली जातात. अशा वेळी दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो, त्याला पीळ पडत नाही. एकच चाक उचलले गेले किंवा सांगाडा एका बाजूस कलला, तर मात्र दांड्याच्या मधल्या भागाला पीळ पडतो आणि पोलादाच्या स्थितिस्थापकतेमुळे तो कलण्यास विरोध करतो.

भरीव दांड्याचा पिळास होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे २२ मिमी. व्यासाच्या दांड्याऐवजी २४ मिमी. व्यासाचा दांडा बसविल्यास ताठरपणा सु. ४२ टक्क्यांनी वाढतो आणि २० मिमी. ऐवजी २४ मिमी. घेतल्यास तो दुपटीहून किंचित अधिक होतो. दिसण्यात किरकोळ वाटणारा हा फरक बुश, पट्ट्या व लिंका यांच्यावरील भार त्याच प्रमाणात वाढवितो. टोकांकडील तरफ आखूड केल्यासही ताठरपणा वाढतो. तरफेची लांबी एक-दशांशाने कमी केली, तर ही वाढ सु. २३ टक्के असते. म्हणूनच काही दांड्यांच्या टोकांना एकाहून अधिक छिद्रे ठेवून ताठरपणा कमीजास्त करण्याची सोय केलेली असते. दांडा पोकळ केल्यास थोड्या ताठरपणाच्या मोबदल्यात पुष्कळ वजन वाचते. उदा., २४ मिमी. बाह्य व १६ मिमी. आंतर व्यासाचा पोकळ दांडा भरीव दांड्याच्या तुलनेने सु. २० टक्के ताठरपणा गमावतो, पण त्याचे वजन सु. ४४ टक्क्यांनी कमी भरते.

वळणावर आतील चाकांवरील भार बाहेरील चाकांवर जातो. हा एकूण भारबदल कलरोधक दांड्यामुळे कमी होत नाही. तो गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर व वळणाची तीव्रता यांवर अवलंबून असतो. दांडा फक्त या भारबदलाचा पुढील व मागील आसांमधील वाटा बदलतो. पुढचा दांडा जाड केल्यास पुढच्या चाकांची पकड आधी सुटते आणि गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागचा जाड केल्यास मागील भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणून दांडा बदलणे हा केवळ सोयीचा प्रश्न नसून सुरक्षिततेचाही आहे.

इतिहास : स्प्रिंगांवर तोललेल्या वाहनाची परंपरा घोडागाडीपासून चालत आलेली आहे. रॉबर्ट हुक यांनी स्प्रिंगांविषयीचा आपला नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध केला, तर शार्ल ऑग्युस्तीन द कुलंब यांनी तारेच्या पिळाविषयीचे प्रयोग १७८४ मध्ये मांडले. लंडन येथील गाड्या बनविणारे कारागीर ओबडाया एलियट यांनी १८०४ साली लंबवर्तुळाकार कमानपाट्यांच्या स्प्रिंगांचे एकस्व मिळविले. आरंभीच्या मोटारगाड्यांनी ही घोडागाडीची रचनाच पुढे चालविली. दोन्ही चाके एका अखंड आसाने जोडलेली असत व कमानपाटे ताठर असत, त्यामुळे सांगाड्याचा कल फारसा जाणवत नसे. प्रवाशांना बसणारे हादरे मात्र पुष्कळ असत आणि ते अपरिहार्य मानले जात.

कलरोधक दांड्याचे पहिले एकस्व कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताच्या फ्रेडरिक्टन या शहरी राहणारे स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले. त्या काळी या कल्पनेची विशेष निकड नव्हती. ती स्वतंत्र निलंबनाच्या प्रसाराबरोबर निर्माण झाली. इटलीतील लान्सिया कंपनीच्या १९२२ च्या ‘लांब्दा’ गाडीची पुढील चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९३४ साली आपल्या गाड्यांना स्वतंत्र पुढील निलंबन दिले. या कार्यात मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्यांचा मोठा वाटा होता. रोल्स-रॉइस कंपनीतील अनुभव घेऊन आलेल्या ऑली यांनी गाडीच्या वळण्याच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास केला. मऊ स्प्रिंगांमुळे प्रवास सुखकर झाला, पण त्याच मऊपणामुळे वळणावर गाडी अधिक कलू लागली. स्प्रिंगा पुन्हा ताठर न करता कल तेवढा आवरण्याचा मार्ग म्हणजे कलरोधक दांडा होय. १९५० नंतर मऊ मळसूत्री स्प्रिंगांच्या गाड्यांत त्याचा वापर सर्रास होऊ लागला.

अर्ल मॅक्फर्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निलंबनाने दांड्याला आणखी एक काम दिले. फोर्ड कंपनीच्या ब्रिटनमधील ‘कॉन्सल’ या गाडीत कलरोधक दांड्याची टोके खालच्या भुजांना थेट जोडलेली असून चाकाला पुढेमागे सरकू न देण्याचे कार्यही तोच करी. भारतात १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या ‘मारुती ८००’ या गाडीतही हीच योजना होती. अशा गाडीत दांड्याच्या टोकाचा बुश सैल झाला, तर आवाज तर येतोच, शिवाय ब्रेक लावताना चाकाची जागा बदलून गाडी एका बाजूस ओढली जाते. म्हणून त्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

कॉर्व्हेअर प्रकरण : कलरोधक दांड्याचे महत्त्व सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचले ते शेव्हरोले विभागाच्या ‘कॉर्व्हेअर’ या गाडीमुळे. १९६० चे मॉडेल म्हणून बाजारात आलेल्या या गाडीचे एंजिन मागे होते व मागील निलंबन झुलत्या अर्ध-आसांचे होते. जोराच्या वळणावर अशा गाडीचा मागील भाग उचलला जाऊन बाहेरचे चाक आत मुडपण्याची शक्यता असते. पुढील बाजूस कलरोधक दांडा दिल्यास कलण्याचा अधिक भार पुढची चाके घेतात व ही शक्यता घटते. आरंभीच्या गाड्यांत हा दांडा दिलेला नव्हता. त्याऐवजी पुढील टायरांत दर चौ. इंचास १५ पौंड व मागील टायरांत २६ पौंड असा भिन्न हवेचा दाब राखण्यावर भिस्त ठेवण्यात आली. सामान्य चालक व पेट्रोलपंपावरील नोकर यांच्याकडून हा फरक पाळला जाईलच याची शाश्वती नव्हती. याच सुमारास स्वतंत्र उत्पादकांनी अशा गाड्यांच्या मागील चाकांचे मुडपणे आवरणारे आडवे पाटे विक्रीस आणले होते. १९६४ च्या मॉडेलला कंपनीने पुढे कलरोधक दांडा व मागे आडवा कमानपाटा दिला आणि १९६५ च्या मॉडेलचे मागील निलंबनच नव्याने आखले.

राल्फ नेडर यांनी अन्‌सेफ ॲट एनी स्पीड (१९६५) या ग्रंथाचे पहिले प्रकरण या गाडीला वाहिले. खर्चात बचत करण्यासाठी चालकांची सुरक्षितता डावलली गेली, असा त्यांचा आरोप होता. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला, त्यामागील लोकमत घडविण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा होता. पुढे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय चाचण्यांच्या अहवालात १९६० ते १९६३ मधील कॉर्व्हेअर तत्कालीन इतर गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढण्यात आला. तोवर गाडीचे उत्पादन थांबून तीन वर्षे झाली होती. दोषाच्या मात्रेविषयी मतभेद राहिले, तरी एका साध्या दांड्याच्या असण्यानसण्याने गाडीचे वर्तन बदलते, ही गोष्ट या वादातून सर्वांना कळली.

आवाजाचा प्रश्न : घोडागाडीत व जुन्या मोटारींत निलंबनाचे सांधे धातूचे असत व त्यांना नियमित वंगण द्यावे लागे. वंगण संपले की कमानपाट्यांच्या खिळी कुरकुरत. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणामुळे टिकाऊ रबर उपलब्ध झाले आणि विसाव्या शतकात रबरी बुशांनी धातूच्या सांध्यांची जागा घेतली. रबरी बुश स्वतः पिळवटून हालचाल सामावून घेतो, त्यामुळे त्याला वंगण लागत नाही व तो कंपनेही शोषतो. ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधलेल्या पॉलियुरेथेनाचे बुश त्यानंतर प्रचारात आले. बाजारात मिळणाऱ्या जाड दांड्यांबरोबर पुष्कळदा हेच बुश येतात. ते रबराहून कठीण असल्याने दांड्याचा परिणाम तत्काळ जाणवतो, परंतु त्यांच्यात दांडा घसरत फिरतो. वंगण आटले की घोडागाडीच्या काळातील कुरकुर पुन्हा ऐकू येते.

निदान : आवाजाचा प्रकार व तो केव्हा येतो, यांवरून कारणाचा अंदाज बांधता येतो. सावकाश जाताना गतिरोधकावर येणारी लांबट करकर बहुधा कोरड्या बुशाची असते. दोन्ही चाके एकदम उचलली तरी दांडा बुशात फिरतो, म्हणून ती पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरही येते. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यावर येणारा तुटक ‘खट्’ आवाज हा लिंक, तिचा गोलक सांधा, बुशाची पट्टी किंवा तिचे बोल्ट यांतील मोकळीक दर्शवितो. कारण पीळ पडून भाराची दिशा पालटते तेव्हाच ती मोकळीक ठोका देते. धातूवर धातू आपटल्याचा आवाज असल्यास नवा दांडा भुजेला, साट्याला किंवा धुराच्या नळीला लागत असण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी रंग घासला जाऊन धातू चकाकू लागतो. संशयित जागी खडू लावून थोडे अंतर गाडी चालविल्यास खूण उमटते.

आवाज सांगाड्याच्या पत्र्यातून दूरवर पोहोचतो, म्हणून तो जेथे ऐकू येतो तेथेच त्याचा उगम असतो असे नाही. दांडा दोषी आहे की नाही हे ठरविण्याची खात्रीची रीत म्हणजे दोन्ही लिंका सोडवून, दांडा ब्रेकच्या नळीला किंवा फिरत्या भागांना लागणार नाही असा बांधून, गाडी थोडे अंतर सावकाश चालविणे. ज्या रचनेत दांडा चाकाची जागाही राखतो, तेथे ही रीत वापरता येत नाही. आवाज नाहीसा झाला तर दोष दांड्याच्या जोडणीत आहे. तो टिकून राहिला तर धक्काशोषकाचा वरचा आधार, भुजांचे बुश इ. भाग तपासावे लागतात. नव्या ताठर दांड्यामुळे आधीच झिजलेले भाग प्रथमच बोलू लागतात, असेही घडते.

लिंका तपासताना व सोडविताना दोन्ही चाके समान उंचीवर असावीत. एकच चाक जॅकवर उचलल्यास दांड्यात पीळ पडून लिंक ताणली जाते, मोकळीक हाताला जाणवत नाही आणि नट सुटताच दांडा उसळून इजा होऊ शकते.

उपाय : बुशाचे छिद्र दांड्याच्या व्यासाशी जुळणारे हवे, जाड दांड्याला जुना बुश किंवा बारीक दांड्याला मोठ्या छिद्राचा बुश चालत नाही. पॉलियुरेथेनाच्या बुशास सिलिकोनयुक्त वंगण देतात; खनिज तेलाच्या वंगणाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. गोलक सांध्याचा नट आवळताना सांध्याची खिळी फिरू नये म्हणून ती दुसऱ्या पान्याने धरावी लागते, नाहीतर नट घट्ट वाटूनही सांधा सैल राहतो. रबरी बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच शेवटचे आवळतात, कारण चाके लोंबकळत असताना आवळलेले रबर पुढे कायमचे पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते. दांडा बाजूस सरकत असल्यास बुशांलगत कडी बसवितात. साट्यावरील पट्टीच्या मुळाशी तडा दिसल्यास मात्र वंगणाने आवाज दडपणे चुकीचे ठरते. अशा वेळी गाडी न चालविता दुरुस्ती करावयास हवी.

अलीकडील विकास : दांडा मधोमध विभागून त्याचा पीळ यंत्राने नियंत्रित करण्याची पद्धती पुढे आली. बीएमडब्ल्यू कंपनीने २००१ मध्ये आपल्या मोठ्या गाडीत द्रवचालित रचना दिली, तर बेंटली कंपनीच्या २०१५ च्या ‘बेंटायगा’त ४८ व्होल्टवर चालणारी विद्युत् चलित्रे हे कार्य करू लागली. अशा दांड्यांचा ताठरपणा सरळ रस्त्यावर कमी व वळणावर अधिक ठेवता येतो. तथापि बहुसंख्य गाड्यांत साधा पोलादी दांडाच वापरात असून त्याचे यश अखेरीस दोन बुश व दोन लिंका यांच्या सुस्थितीवर अवलंबून असते.