‘फॉसिल’ शब्दाचा अर्थसंकोच

इंग्रजी ‘फॉसिल’ शब्दाचा अर्थ आज आपण ‘जीवाश्म’ असा करितों. परंतु जुने ग्रंथ वाचतांना तोच अर्थ सर्वत्र लावणें धोक्याचें आहे. ह्या शब्दाचें मूळ लॅटिन ‘फोदेरे’, म्हणजे खणणें, ह्या धातूंत असून ‘फॉसिलिस’ म्हणजे जें खणून काढिलें तें. व्युत्पत्तीनें पाहतां ‘खन्’ धातूपासून झालेल्या आपल्या ‘खनिज’ शब्दाचाच हा सोबती होय. आग्रिकोला ह्याच्या ‘दे नातुरा फॉसिलियम’ (१५४६) ह्या ग्रंथांत माती, मीठ, रत्नें, धातु ह्यांचेंच वर्णन मुख्यत्वें आहे. जॉन वुडवर्ड ह्याच्या संग्रहाच्या १७२८-२९ सालीं छापलेल्या यादींतहि खनिजें व शंखशिंपल्यांचे अश्मरूप अवशेष ‘फॉसिल’ ह्या एकाच नांवाखालीं येतात. १८१२ सालीं क्युव्हिए ह्यानें आपल्या फ्रेंच ग्रंथाच्या नांवांत हा शब्द ‘अस्थि’ ह्या नामाचें विशेषण म्हणून योजिला. पुढें एकोणिसाव्या शतकांत, भूगर्भशास्त्राच्या वाढीबरोबर, व्यापक अर्थ मागें पडून प्राचीन जीवांचे अवशेष एवढाच अर्थ रूढ झाला.

सबब, अठराव्या शतकांतील एखाद्या इंग्रजी यादींत ‘फॉसिल’ आढळल्यास तो दगड कीं हाड, हें सोबतच्या वर्णनावरून ठरवावें. आजच्या कोशावरून ठरवूं नये.