द्रव-द्रव निष्कर्षण (जैवरेणूंचे शुद्धीकरण)

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकातला रेणू दुसऱ्यात ओढून घेऊन वेगळा करण्याची पद्धत. दोन थर स्थिरावल्यावर वरच्या आणि खालच्या थरांतील त्या रेणूच्या संहतींचे गुणोत्तर म्हणजे विभाजन गुणांक. त्यावर निष्कर्षणाचे सारे गणित चालते. गुणांक १० असेल आणि विद्रावक (ओढून घेणारा द्रव) मूळ किण्वित द्रवाइतकाच घेतला, तर एका खेपेत सुमारे ९ टक्के माल मागे राहतो. तोच विद्रावक दोन समान भागांत पाठोपाठ वापरला, तर ३ टक्क्यांहूनही कमी उरतो. म्हणून उद्योगात असे टप्पे वाढवण्यासाठी दोन्ही द्रव परस्परविरुद्ध दिशांनी वाहते ठेवतात.

महाराष्ट्रात या पद्धतीचा विचार करताना पुणे जिल्ह्यातील पिंपरीचा उल्लेख अटळ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील देशातला पहिला औषध कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. परिसरातले लोक त्याला ‘एचए कंपनी’ म्हणतात. पेनिसिलीनची कथा सांगताना बुरशीचे कौतुक होते आणि शुद्धीकरण एका वाक्यात उरकले जाते. हा अन्याय आहे. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमधील संशोधकांच्या एक लिटर किण्वित द्रवात जेमतेम एखादे मिलिग्रॅम पेनिसिलीन असे. ते शाबूत बाहेर काढता आले नसते, तर औषध झालेच नसते.

पेनिसिलीन हे आम्ल आहे. त्याचा पीके, म्हणजे निम्मे रेणू भारित असतात तो पीएच, सुमारे २.७. बुरशीचे तंतू गाळून काढल्यावर द्रवाचा पीएच २ ते २.५ पर्यंत उतरवला की बहुतेक रेणू विद्युतभाररहित होतात आणि पाणी सोडून ब्युटिल ॲसिटेट किंवा अमिल ॲसिटेटमध्ये जातात. मात्र ज्या आम्लतेत ते विद्रावकात जाते, त्याच आम्लतेत त्याचे बीटा-लॅक्टम वलय फुटते. सामान्य तापमानाला काही मिनिटांतच बराचसा माल वाया जातो. त्यामुळे द्रव शून्य अंश सेल्सिअसच्या जवळपास थंड ठेवतात आणि दोन्ही थरांचा संपर्क अगदी थोडा वेळ होऊ देतात. त्यासाठी पोडबिल्नियाक यंत्रासारखी केंद्रोत्सारी निष्कर्षके वापरली जातात. त्यांत थर वेगळे होण्याचे काम गुरुत्वावर न सोडता यंत्राच्या फिरण्यातून करून घेतात. द्रवातील प्रथिनांमुळे दोन्ही थरांचे दुधाळ पायस बनते, ही नेहमीची डोकेदुखी. ते मोडण्यासाठी पायसभंजक द्रव्ये घालावी लागतात.

विद्रावकात गेलेले पेनिसिलीन परत पाण्यात कसे आणायचे, याचे उत्तर ऑक्सफर्डमधील नॉर्मन हीटली यांनी १९४० मध्ये दिले. पीएच उदासीनतेकडे नेला की रेणू पुन्हा भारित होतो आणि ताज्या पाण्यात उतरतो. अशुद्ध द्रव्यांपैकी बरीचशी या ये-जा करण्यात मागे पडतात. आधुनिक कारखान्यांत विद्रावकात पोटॅशियम ॲसिटेट मिसळून पेनिसिलीनच्या पोटॅशियम लवणाचे स्फटिकही मिळवतात. विद्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवावा लागतो, कारण तो ज्वालाग्राही आणि महाग असतो.

प्रत्येक प्रतिजैविकाला ही वाट चालत नाही. पिंपरीतच पुढे तयार होऊ लागलेले स्ट्रेप्टोमायसीन पाण्याला इतके धरून राहते की सामान्य सेंद्रिय विद्रावक त्याला ओढू शकत नाहीत. त्यासाठी आयन-विनिमय राळ वापरतात.

प्रथिने आणि विकरे यांची अडचण वेगळी. बहुतेक सेंद्रिय विद्रावकांत त्यांची घडी मोडते आणि क्रियाशीलता जाते. स्वीडनच्या पेर-ओके आल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात त्यावर तोड काढली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रॅन ही दोन बहुवारिके, किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि फॉस्फेटसारखे लवण, पुरेशा प्रमाणात पाण्यात विरघळवले की पाण्याचेच दोन थर पडतात. दोन्हींत पाण्याचा वाटा मोठा असल्याने विकर सुखरूप राहते. पेशींचे अवशेष एका थरात आणि विकर दुसऱ्यात, अशी विभागणीही साधता येते. मात्र थरांच्या घनतांतील फरक थोडा असल्याने ते सावकाश वेगळे होतात. अशा द्रवांसाठी अखंड प्रवाहाच्या स्तंभांचा अभ्यास मुंबईतील तत्कालीन यूडीसीटीमध्ये, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, ज्येष्ठराज जोशी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास केला. मोठ्या प्रमाणावर वापरताना बहुवारिकाचा खर्च आणि फॉस्फेटयुक्त सांडपाणी या दोन गोष्टी आड येतात. त्यामुळे सायट्रेटसारखी, जैविक रीतीने विघटन पावणारी लवणे फॉस्फेटच्या जागी वापरली जातात.