मशीन नवं आलं, शिकवणीचं काय?

मंडळी, आपल्याकडे कॅन्सरचं नवं मशीन आलं की आम्ही पत्रकार काय छापतो? फीत कापतानाचा फोटो, आणि मथळ्यात किंमत किती कोटी. मीही हेच करत आलोय. मशीन चालवणाऱ्यांना ते नीट शिकवलंय का, हे आम्ही विचारत नाही. ते का विचारायचं, यासाठी फ्रान्समधल्या एपिनालची गोष्ट सांगतो. पॅरिस नव्हे, आपल्या तालुक्याच्या गावासारखं छोटं शहर.

आधी एक खुलासा. रेडिएशनचा डोस किती, हे डॉक्टर ठरवतात. तेवढाच डोस, त्याच जागी पडतोय ना, याचा हिशोब आणि मशीनची तपासणी बघतो तो मेडिकल फिजिसिस्ट. पेशंटला हा माणूस बहुधा दिसतही नाही.

किरणांचा मारा एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त असा उतरता हवा असेल, तर पूर्वी मशीनच्या तोंडाशी धातूची पाचर बसवायचे. पाचर काही किरण खाऊन टाकते, म्हणून मशीन जास्त चालवावं लागतं. नव्या पद्धतीत पाचर बसवतच नाहीत. मशीनमधली झडप सरकत जाते आणि तोच परिणाम साधते.

मे २००४ पासून एपिनालच्या रुग्णालयात प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ही नवी पद्धत सुरू झाली. सॉफ्टवेअर इंग्रजीत, हाताशी फ्रेंच पुस्तिका नाही, प्रशिक्षण जुजबी. काही पेशंटच्या बाबतीत पद्धत नवी वापरली, पण हिशोब जुन्या पाचरीचा झाला. म्हणजे किरण खाणारं काही मध्ये नाही, तरी मशीन जास्तीचं चाललं. फेरतपासणीच्या जुन्या सोयी नव्या पद्धतीला लागू पडेनात, म्हणून त्याही बाजूला पडल्या. एक वर्षाहून जास्त काळ हे चाललं. २४ पेशंटना ठरल्यापेक्षा बराच जास्त डोस गेला. बरं व्हायला आलेल्यांना जन्माची दुखणी लागली, काही दगावले. २०१३ मध्ये कोर्टाने दोन डॉक्टर आणि एका फिजिसिस्टला दोषी ठरवलं.

आता खरी मेख बघा. पदवीनंतरही शिक्षण चालू ठेवायचं, नवं तंत्र आणलं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं, हे युरोपच्या १९९७ च्या निर्देशात स्पष्ट लिहिलेलं होतं. एपिनाल घडलं त्यानंतर. नियम कागदावर होता, शिकायला वेळ आणि माणूस मात्र जागेवर नव्हता.

आपल्याकडे या पेशाची परंपरा चांगली आहे, आणि ती मुंबईतूनच सुरू होते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हापासून तिथे रामय्या नायडू हे भौतिकशास्त्रज्ञ कामाला होते. १९६२ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात एमएस्सीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिथून शिकलेली माणसं देशभरच्या रुग्णालयांत गेली. १९७६ मध्ये या लोकांची देशपातळीवरची संघटना झाली. पण त्या काळात मुख्य मशीन कोबाल्टचं होतं. आज लिनॅक, कॉम्प्युटरवरचं प्लॅनिंग, दर काही वर्षांनी नवं सॉफ्टवेअर. जो माणूस कोबाल्टवर शिकला, त्याला नोकरीच्या काळात आपला धंदा दोन-तीनदा नव्याने शिकावा लागला. ही त्याची हौस नाही, पेशंटच्या जिवाची गरज आहे.

आणि छोट्या शहरात अडचण इथेच येते. फिजिसिस्ट एकटाच असेल, तर तो आठवडाभर कार्यशाळेला गेल्यावर मशीन कोण बघणार? मग रजा मिळत नाही, शिकणं राहून जातं. दोष त्या माणसाचा नसतो, एकाच माणसावर विभाग चालवणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

कृपा करून हे वाचून कुणी रेडिएशनला घाबरू नका, चालू उपचार सोडू नका. या उपचाराने असंख्य लोक बरे होतात. फक्त पुढच्या उद्घाटनाला किमतीसोबत तीन प्रश्न विचारूया. फिजिसिस्ट किती? नव्या मशीनचं प्रशिक्षण किती दिवसांचं? हिशोब दुसरं कोण तपासतं? मी माझ्यापुरतं ठरवलंय. उत्तरं मिळाली तर तीही बातमीत येतील, नाही मिळाली तर तीच बातमी.