घरात मालवणी, वहीत मराठी, फोनवर इंग्रजी अक्षरं: मुलांना लिहायला शिकवायचं तरी कसं?

'पाऊस इलो. आंबो पडलो. तो घराक गेलो.'

मालवण, कुडाळ, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात ही वाक्यं ऐकू येतात. पण हीच वाक्यं मुलाने शाळेच्या निबंधात लिहिली, तर तिन्हींखाली लाल रेघ येते. तेच मूल संध्याकाळी मित्राला व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवतं, तेव्हा शब्द मालवणी असतात आणि अक्षरं इंग्रजी.

म्हणजे एकाच मुलाचे तीन कप्पे झाले. बोलायचं एका भाषेत, परीक्षेत लिहायचं दुसऱ्या भाषेत आणि फोनवर लिहायचं तिसऱ्याच पद्धतीने. 'हल्लीची मुलं मोबाईलमुळे बिघडली, त्यांना धड मराठी लिहिता येत नाही' अशी तक्रार आपण सगळेच ऐकतो. पण प्रश्न खरंच तेवढाच आहे का? सिंधुदुर्गाच्या उदाहरणातून समजून घेऊया.

मुलं खरंच कमी लिहितात का?

थोडं मागे जाऊन पाहा. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेबाहेर मुलं काय लिहायची? सुट्टीत मामाला एखादं पत्र, कुणी डायरी लिहीत असेल तर डायरी, बस्स. आज मेसेज, कमेंट, रीलखालच्या चार ओळी, गेममधलं चॅट असं दिवसभर काही ना काही लिहिणं सुरूच असतं.

त्यामुळे मुलं लिहीतच नाहीत, हे काही खरं नाही. मात्र या लिखाणाकडे कुणी 'लिखाण' म्हणून पाहत नाही. शाळा त्याला मोजत नाही आणि मुलालाही ते मराठीच्या तासाशी संबंधित वाटत नाही. वहीतलं लिखाण परीक्षकासाठी असतं, फोनवरचं खऱ्या माणसासाठी. मूल मन लावून कुठे लिहिणार, हे वेगळं सांगायला नको.

'तो गेलो' ही चूक आहे का?

प्रमाण मराठीत 'तो गेला' म्हणतात. 'गेलो' हे 'मी'सोबत येतं. त्यामुळे 'तो गेलो' वाचलं की मुलाला साधं व्याकरणही येत नाही, असं वाटतं.

पण मालवणीचा नियम पाहा. प्रमाण मराठीत जे पुल्लिंगी शब्द 'आ'ने संपतात, ते मालवणीत बहुतेक वेळा 'ओ'ने संपतात. आंबा म्हणजे आंबो, घोडा म्हणजे घोडो, रस्ता म्हणजे रस्तो. क्रियापदही त्याच वाटेने जातं, म्हणून पाऊस इलो आणि तो गेलो. तसंच 'मला, तुला'चं 'माका, तुका' होतं, आणि 'घरी'च्या जागी 'घराक'.

म्हणजे मुलाने नियम मोडलेला नाही, उलट नीट पाळला आहे. तो फक्त दुसऱ्या बोलीचा आहे. शिक्षकांनी एवढं सांगितलं, की 'घरी ओ, वहीत आ', तर मुलाला दोन्ही व्याकरणं एकदम कळतात. नुसती लाल रेघ मारली, तर त्याला एकच गोष्ट कळते: 'माका मराठी येणा नाय.' आणि मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या किंवा विदर्भातल्या मुलांच्या वाट्यालाही थोड्याफार फरकाने हेच येतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. बोलीकडे अडचण म्हणून न पाहता पूल म्हणून पाहायला धोरणाची हरकत नाही, हे लक्षात घ्या.

पाठ्यपुस्तकात काय बदललंय?

तुम्ही दहा-पंधरा वर्षांपूर्वी दहावी झाला असाल, तर आजचं पुस्तक उघडून पाहा. २०१८ मध्ये दहावीचं 'कुमारभारती' नव्याने आलं. प्रथम भाषा मराठीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण 'उपयोजित लेखना'ला आहेत. त्यात पत्रलेखन, सारांश, बातमी, जाहिरात, कथा आणि निबंध येतात. पत्राच्या नव्या नमुन्यात ई-मेलचा पत्ताही लिहावा लागतो. पुढे अकरावी-बारावीच्या 'युवकभारती'त अनुवाद, मुद्रितशोधन, मुलाखत आणि वृत्तलेख असे विषय आले.

थोडक्यात, कागदावर तरी अभ्यासक्रम फोनच्या जगाजवळ सरकला आहे. अडचण वर्गात येते. बातमी लिहायची असते, पण बातमी गाईडमधली. मुलाखत घ्यायची असते, तीही एका काल्पनिक खेळाडूची. मालवणच्या मुलाला समोरच्या रापणकाराची मुलाखत घ्यायला कुणी सांगत नाही.

'दर्या' की 'दऱ्या'?

टायपिंग हा मराठीच्या तासाचा विषय नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग हे वाक्य पाहा: 'आमच्या घरासमोर दर्या आहे.' दर्या म्हणजे समुद्र. आता फोनवर चुकून 'दऱ्या' टाईप झालं, तर घरासमोर थेट डोंगरदऱ्या उभ्या राहतात.

फरक एका 'र'चा आहे. 'दर्या'त 'र्' पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या'त तो आडवा, चंद्रकोरीसारखा 'र' असतो. त्यासाठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला 'ऱ' निवडायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मग 'य' जोडायचा. हे कुणी शिकवलं नाही, तर मूल वैतागून इंग्रजी अक्षरांकडे वळतं. त्यात भाषेचा कंटाळा नसतो, कीबोर्ड कसा वापरायचा हे माहीत नसतं एवढंच.

इंग्रजी अक्षरांत 'न' आणि 'ण' एकच होतात, 'ल' आणि 'ळ'ही एकच होतात. आता बाळ, काळ, माळ हे शब्द 'ळ'शिवाय लिहून पाहा. एक-दोन तास देवनागरी टायपिंगला दिले, तर शुद्धलेखनाचा निम्मा धडा तिथेच होतो.

एआय निबंध लिहून देत असेल, तर शिकवायचं काय?

'पावसाळ्यातील एक दिवस' असा विषय दिला, तर चॅटबॉट काही सेकंदांत निबंध देतो. हे वाईट आहेच, पण नवं नाही. हाच निबंध आपण गाईडमधून उतरवायचो. आधी तासभर लागायचा, आता क्षणभर पुरतो. दोन्ही वेळी मुलाच्या डोक्यातून काही गेलेलं नसतं, हे मात्र तेव्हाही तसंच होतं आणि आताही तसंच आहे.

त्यामुळे मुलाने कॉपी केली का, याच्या आधी विषय कसा दिला होता हे तपासायला हवं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाची किनारपट्टी झोडपली. 'त्या रात्री आमच्या घरात काय झालं, हे आजीला विचारून लिही' असा विषय दिला, तर त्याचं उत्तर कुठल्याही गाईडमध्ये किंवा चॅटबॉटकडे नाही. मुलाला उठून आजीकडेच जावं लागेल.

दुसरं उदाहरण बातमीचं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला आणि मालवण देशभरच्या बातम्यांत आलं. अशा वेळी फोनवर माहिती, मत, आरोप आणि अफवा एकाच रांगेत येतात. यातलं कोण बोललं, कधी बोललं, कशाच्या आधारावर बोललं, हे वेगळं काढायला शिकणं म्हणजेच बातमीलेखन. ते गाईडमधल्या 'शाळेत वृक्षारोपण उत्साहात' या बातमीतून शिकता येणार नाही.

दशावताराकडून काय शिकता येईल?

या पट्ट्यात लेखन शिकवण्याचं एक जुनं साधन आहे, पण त्याकडे आपण तसं पाहत नाही. ते म्हणजे दशावतार. २०२५ मध्ये आलेल्या 'दशावतार' सिनेमामुळे अनेकांनी हे नाव नव्याने ऐकलं. जत्रेच्या रात्री देवळासमोर होणाऱ्या या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. कथा आणि प्रवेश आधी ठरतात, बाकी सगळं कलाकार रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पौराणिक राजा भारदस्त मराठीत बोलतो, तर विनोदी पात्र अस्सल मालवणीत.

म्हणजे कुणासमोर कुठली भाषा वापरायची, हे इथलं मूल मांडीवर बसून नाटक बघतानाच शिकलेलं असतं. हीच मजा गंगाराम गवाणकर यांनी 'वस्त्रहरण'मध्ये आणली आणि मच्छिंद्र कांबळी यांनी हजारो प्रयोगांतून ती जगभर नेली. एका गावात महाभारतावरचं नाटक बसवताना उडालेला गोंधळ, ही त्याची गोष्ट. १९८० पासून मालवणीत रंगलेलं हे नाटक मालवणी न बोलणाऱ्यांनीही डोक्यावर घेतलं.

वर्गात याचा उपयोग सोपा आहे. आधी प्रसंग द्या, मुलांना तो बोलू द्या, मग लिहायला सांगा. कोऱ्या कागदासमोर गप्प बसणारं मूल बोलताना क्वचितच अडतं.

आणि साहित्याचं काय?

नवं माध्यम आलं की साहित्य संपतं, ही भीतीही जुनीच आहे. वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. शाळा सांभाळून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. त्याच काळात बोलपट आला, तेव्हा त्यांनी त्याकडे पाठ फिरवली नाही. १९३६ च्या 'छाया' या चित्रपटाची कथा त्यांचीच. पुढे 'ययाति'साठी ज्ञानपीठ मिळवणारे मराठीतले ते पहिले लेखक ठरले.

देवगड तालुक्यात जन्मलेले विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर यांनी वसंत बापटांसोबत गावोगावी कवितावाचन केलं. हजारो लोकांनी या कविता आधी ऐकल्या आणि नंतर वाचल्या. मग आज मुलाने कविता आधी फोनवर ऐकली, तर बिघडलं कुठे? ऐकल्यानंतर पुस्तक उघडलं जातं का, याकडे लक्ष द्यायला हवं.

वर्गातली मुलांची वर्तमानपत्रंही नवी नाहीत. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवायचे. आज तेच काम वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होऊ शकतं.

मग नेमकं काय करता येईल?

यासाठी संगणक कक्ष लागत नाही. शिक्षकांचा किंवा पालकांचा एक फोन पुरतो.

१. विचारा. घरातल्या किंवा वाडीतल्या मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारा. रापण कशी ओढायचे? वादळात काय झालं? पहिला फोन घरात कधी आला?

२. रेकॉर्ड करा. आधी त्या माणसाची परवानगी घ्या. दोन-तीन मिनिटं पुरेत.

३. जसं बोलले तसं लिहा. 'माका'चं 'मला' करू नका. फोनवर बोलून टाईप करायची सोय असेल तर तीही वापरा. फोन कुठे चुकतो ते मुलांना शोधू द्या. फोनच्या चुका काढायला मुलांना भारी आवडतं.

४. आता प्रमाण मराठीत लिहा. शहरातल्या वाचकाला कळेल असं. कुठला शब्द बदलला, कुठला तसाच ठेवला आणि का, हे मुलाने सांगायचं.

५. कुणाला तरी वाचायला द्या. ज्यांची मुलाखत घेतली, त्यांना आधी वाचून दाखवा. ग्रुपवर टाकताना मुलांचे फोटो, पत्ते, फोन नंबर टाकू नका.

बोलींच्या नोंदी कशा करतात हे पाहायचं असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लोकांचं बोलणं तिथे ऐकता येतं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण मूल आपली भाषा लिहायला धजतं का, हे ठरतं सहावी-सातवीच्या वर्गात, वही परत मिळते तेव्हा.

तुमच्या घरातल्या मुलाच्या वहीत उद्या 'तो गेलो' दिसलं, तर लाल पेन उचलण्याआधी एकदा विचारा: 'कोण गेलो? खय गेलो?' पुढची गोष्ट ते सांगेल. मग म्हणा, आता हीच लिहून काढ.