जमीन कोणाची? छावणीपासून डुमना विमानतळापर्यंत

जबलपूर म्हटलं की मराठी माणसाला भेडाघाट आठवतो आणि आम्हा फौजी मंडळींना छावणी. आजच्या भागात विषय थोडा रुक्ष आहे, पण तुमच्याआमच्या खिशाशी जोडलेला आहे. सरकारी जमीन भाडेपट्ट्यावर कशी द्यावी, आणि विमानतळाची जमीन देताना काय सांभाळावं?

सुरुवात इतिहासापासून करू. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढच्याच महिन्यात जबलपूर इंग्रजांच्या हाती गेलं. त्यानंतर इथे लष्करी छावणी वसली. 1836 मध्ये गव्हर्नर जनरलने बंगाल सैन्याच्या छावण्यांसाठी एक हुकूम काढला. त्याचं सूत्र एका ओळीत सांगता येतं: बंगला तुमचा, जमीन सरकारची. एक महिन्याची नोटीस देऊन, परवानगीने बांधलेल्या इमारतीची किंमत चुकती करून सरकार जागा परत घेऊ शकत असे. यालाच छावणीत ‘ओल्ड ग्रँट’ म्हणतात. पुढे 1937 च्या नियमांत 30 वर्षांचा, दोनदा नूतनीकरण करून 90 वर्षांपर्यंत जाणारा पट्टा आला.

छावणीत नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की या जमिनींचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. कारण साधं आहे. बंगला विकला जातो, वारस वाढतात, वापर बदलतो. कागद मात्र जुनाच राहतो. मालक कोण, मुदत किती आणि परत घ्यायची कशी, या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्याच दिवशी स्पष्ट हवीत.

आता विमानतळांकडे वळू. 1994 च्या कायद्याने भारतीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झालं. 2003 च्या दुरुस्तीने प्राधिकरणाला केंद्राच्या पूर्वपरवानगीने विमानतळ पट्ट्यावर देण्याची मुभा मिळाली. त्यातूनच 2006 मध्ये दिल्ली आणि मुंबईचे करार झाले. 30 वर्षांची मुदत, पुढे आणखी 30 वर्षांची सोय. दिल्लीत उत्पन्नातला 45.99 टक्के वाटा प्राधिकरणाला, मुंबईत 38.7 टक्के. महत्त्वाची अट अशी की हॉटेलं, कार्यालयं यांसारख्या उपयोगासाठी दिल्लीत एकूण जमिनीच्या 5 टक्के आणि मुंबईत 10 टक्केच जागा वापरायची. म्हणजे विमानतळाच्या नावाखाली सगळी जमीन बिल्डरची होऊ नये.

अशी काळजी सगळीकडे घेतली गेली का? 2009 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, यवतमाळ, उस्मानाबाद आणि बारामती हे पाच विमानतळ 63 कोटी रुपयांत, 95 वर्षांसाठी रिलायन्सच्या कंपनीला दिले. लातूर-यवतमाळला नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही, आणि अखेर विमानतळ परत घेण्याची भाषा सरकारला करावी लागली. मुदत 95 वर्षांची असेल, तर मधल्या टप्प्यांवर काम मोजायची सोय हवी. नाहीतर तीन पिढ्या नुसती वाट पाहतात.

नागपूरची कथा उलटी आहे. तिथे प्राधिकरण आणि महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी यांची 49 आणि 51 टक्के भागीची मिहान इंडिया आहे. जीएमआरने उत्पन्नातला 5.76 टक्के वाटा देऊ केला, वाटाघाटीत तो 14.49 टक्क्यांवर गेला, मार्च 2019 मध्ये पत्र निघालं आणि मार्च 2020 मध्ये निविदाच रद्द झाली. उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि करारावर सह्या झाल्या ऑक्टोबर 2024 मध्ये. पत्रापासून करारापर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ गेला. दर कमी वाटत होता तर निविदेतच किमान दर लिहायचा होता.

आता जबलपूर. 2021 मध्ये विमानतळ शुल्क नियामकाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि विमानतळांचे गट करणं शक्य झालं. कमाई करणाऱ्या मोठ्या विमानतळाला लहान जोडायचा. त्या आखणीत इंदूरला जबलपूर जोडलं गेलं. मार्च 2024 मध्ये डुमनाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. पैसा जनतेचा लागला, तेव्हा पुढे पट्टा देताना जनतेचा हिशेबही आधी व्हायला हवा.

इथे एक खास अडचण आहे. शेजारी डुमना निसर्ग उद्यान आहे, महानगरपालिकेचं. डिसेंबर 2015 मध्ये उतरणाऱ्या प्रवासी विमानाला धावपट्टीवर रानडुकरं धडकली होती. विमान धावपट्टीवरून घसरलं. म्हणजे कुंपण प्राधिकरणाचं, जंगल पालिकेचं आणि जीव प्रवाशाचा. जमिनीचा विकास ठरवताना दुकानांच्या गाळ्यांआधी हे कुंपण येतं.

माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्राधिकरण, राज्य आणि पालिका यांच्या जमिनींचा एकच मोजणी नकाशा करून तो लोकांसमोर ठेवा. दुसरी, निविदेआधीच मुदत, किमान दर आणि व्यापारी वापराची मर्यादा लिहा. तिसरी, दर पाच वर्षांनी काम तपासा. काम नसेल तर जमीन परत. चौथी, परवानग्यांसाठी एकच अधिकारी नेमा, आणि त्याला तारखेचं बंधन घाला.

फौजेत मोहिमेपूर्वी नकाशा उघडतात, नंतर नाही. जबलपूरचा पट्टा निघेल तेव्हा इथल्या नागरिकांनी पहिला प्रश्न विचारावा: नकाशा कुठे आहे? तो मिळाला तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत.

जय हिंद.