लाल चिमटा उजव्या हाताला

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं तंत्रज्ञ होतो. पहिल्या वर्षाची पोरं एकमेकांचा कार्डिओग्राम काढायची. आजारी त्यात कोणीच नसायचं. हातांना लाल-पिवळा चिमटा, पायांना काळा-हिरवा. एकदा घाईत मीच लाल-पिवळ्याची अदलाबदल केली. पहिल्या लीडच्या, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीच्या, लाटा उलट्या उमटल्या, हृदयाच्या विजेचा कल उजवीकडे गेला, आणि पलंगावरच्या पोराला घाम फुटला. त्याला वाटलं, आपलं हृदयच उजव्या अंगाला आहे!

हा कल मोजायची विद्याही धडधाकट माणसांच्या अंगावरच घडली. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी छाती न उघडता माणसाच्या हृदयाची वीज टिपली. पुढे ते हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून प्रयोग करू लागले. त्यांचा बुलडॉग जिमीसुद्धा असाच पाण्यात पाय घालून उभा राहायचा. १९०९ साली त्यावरून ब्रिटिश संसदेत छळाचा प्रश्न निघाला. वॉलरना दिसलं की उजवा हात आणि डावा पाय जोडला तर लाट ठसठशीत येते, डावा हात आणि डावा पाय जोडला तर मरगळते. हृदय छातीत तिरकं, म्हणून वीजही तिरकी. नोबेल मिळालं दुसऱ्याला, पण दिशेची गोष्ट मी इथूनच सुरू करतो.

तो दुसरा म्हणजे हॉलंडमधल्या लायडनचे विलेम आइंथोव्हेन. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोचं, चालवायला पाच माणसं. आणि त्याचा जीव मात्र चांदीचा मुलामा दिलेल्या क्वार्ट्झच्या एका तंतूत. वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला चिकटवून बाण सोडायचा, की मागे केसाहून बारीक तार ओढली जायची.

१९१३ साली फार आणि द वार्ट या सहकाऱ्यांसोबत त्यांनी दोन हात आणि डावा पाय यांचा समभुज त्रिकोण मांडला, मध्ये हृदय. पहिल्या आणि तिसऱ्या (डावा हात-डावा पाय) लीडमधल्या लाटांची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, त्रिकोणाच्या बाजूंवर मांडा, लंब टाका. दिशा हाती येते. छाती काही भूमितीतला त्रिकोण नव्हे, पण हिशेब जमतो.

आमची पोरं तेच करायची. उंच, किडकिडीत पोराचा कल खाली उभा, गुटगुटीत पोराचा आडवा. खोल श्वास घेतला की छाती-पोटामधला पडदा खाली सरकतो, हृदय उभं होतं, त्याच पोराचा कल पुन्हा बदलतो. निरोगी माणसात उणे ३० अंशांपासून अधिक ९० पर्यंत सगळं चालतं, म्हणजे वर्तुळाचा एक-तृतीयांश!

म्हणून तब्येत ठणठणीत असताना काढलेली कार्डिओग्रामची पट्टी फेकू नका. उद्या डॉक्टरांना ताडून पाहायला तीच लागेल. थर्मल कागदावरच्या रेघा पुसट होतात, तेवढी झेरॉक्स मात्र काढून ठेवा.