युझुयु

जपानमध्ये ‘तोजी’ला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, गरम पाण्यात युझू ही लिंबूवर्गीय फळे सोडून स्नान करण्याची प्रथा म्हणजे युझुयु. तोजी बहुधा २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. चिनी कालगणनेतून आलेल्या २४ सौर संधींपैकी हा एक. आपल्याकडे उत्तरायण लोकव्यवहारात मकरसंक्रांतीला चिकटून तीनेक आठवडे पुढे सरकले आहे. तोजी मात्र सूर्याच्या प्रत्यक्ष स्थितीवरूनच ठरतो. या दिवशी सरकारी सुटी नसते. जे काही साजरे होते ते न्हाणीघरात आणि ताटात.

जुन्या पंचांगात सुमारे १९ वर्षांनी तोजी आणि अकराव्या महिन्याची पहिली तिथी एकत्र येत, तेव्हा राजदरबारात उत्सव होई. युझूस्नान त्या मानाने नगरवासीयांचे. साइतो गेश्शिनच्या ‘तोतो साइजिकी’ (१८३८) या एदो शहराच्या वार्षिक रीतिरिवाजांवरील ग्रंथात, तोजीला सार्वजनिक स्नानगृहांत युझूचे पाणी तापवतात, अशी नोंद आहे. उरलीसुरली स्नानगृहे आजही ही रीत पाळतात. या स्नानाने वर्षभर सर्दी होत नाही, असा समज. फळे अख्खी तरंगत ठेवतात किंवा चिरून कापडी पिशवीत बांधतात. चिरलेल्या फळाने नाजूक त्वचा चुणचुणते. इझू द्वीपकल्पावरील प्राणिसंग्रहालयात कॅपिबारांच्या गरम कुंडातही त्या दिवशी युझू सोडतात, आणि वर्तमानपत्रांत त्यांचीच छायाचित्रे अधिक झळकतात.

युझू (सिट्रस जुनोस) मूळचे चीनचे. रस थोडा व आंबट, बिया भरपूर. त्यामुळे नुसते फळ कोणी खात नाही. त्याचे मोल सालीतल्या सुगंधी तेलात आहे. झाड काटेरी, पण थंडी सोसणारे. बीपासून वाढवल्यास फळ धरायला ते इतकी वर्षे लावते, की एका म्हणीत त्याला १८ वर्षे लावणारा महामूर्ख म्हटले आहे. म्हणून बागांत कलमेच लावतात. शिकोकू बेटावरील कोची प्रांत उत्पादनात सर्वांत पुढे. तिथल्या उमाजी या डोंगरी गावाने युझूचा रस आणि सरबत विकून देशभर नाव कमावले. क्यूशूमध्ये हिरवी साल, हिरवी मिरची आणि मीठ वाटून युझुकोशो करतात; तो आपल्या ठेच्याचा चुलतभाऊ शोभेल.

तोजीला भोपळाही खातात, बऱ्याचदा लाल अझुकी कडधान्याबरोबर शिजवून. भोपळा उन्हाळ्यात तयार होतो आणि थंडीपर्यंत टिकतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. नावात ‘न’चा ध्वनी असलेले पदार्थ, उदाहरणार्थ कमळकंद (रेन्कोन) आणि गाजर (निन्जिन), शुभ मानतात.

खाण्याचे हिवाळी फळ म्हणजे सहज सोलता येणारे, बहुधा बिनबियांचे उन्शू मिकान. ते कोतात्सूत, म्हणजे उबदार दुलईच्या बैठ्या मेजाखाली पाय घालून, खायचे असते. नववर्षाच्या कागामी मोचीवर, म्हणजे तांदळाच्या गोळ्यांच्या नैवेद्यावर, ठेवायचे ते दाइदाइ हे कडसर फळ. ते पिकल्यावरही झाडावरून गळत नाही, म्हणून वंशसातत्याचे चिन्ह ठरले. हल्ली त्याच्या जागी सर्रास मिकानच ठेवतात.